फलज्योतिषाची कसोटी : पंचांगवाद, पुण्याचा प्रयोग आणि ‘तृतीय रत्न’

१९४४ साली दिंडोशी येथे एक मूल जन्मास आले असे क्षणभर मानावे. दिंडोशी हे त्या काळी मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक गाव होते. गोरेगाव-मालाडचा हा प्रदेश मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला तो १९५७ मध्ये. घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाने भिंतीवरील घड्याळ पाहून जन्मवेळ वहीत टिपून ठेवली आणि वीस-बावीस वर्षांनी, लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा, ती ज्योतिषापुढे ठेवली. या वेळेचा अर्थ काय करावयाचा? हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ पासून अमलात आली होती. परंतु मुंबईत तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे असणारी जुनी मुंबई-वेळ १९५५ पर्यंत व्यवहारात टिकून होती. त्यात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धकालीन व्यवस्था म्हणून प्रमाणवेळ एक तास पुढे नेण्यात आली होती. म्हणजे वहीत लिहिलेल्या एकाच आकड्याचे दोन टोकांचे अर्थ घेतले, तर त्यांत एक तास ३९ मिनिटांचे अंतर पडते. क्षितिजावर उगवणारी रास साधारणतः दोन तासांत बदलते. तेव्हा या अंतराने लग्नबिंदू सरासरी पंचवीस अंश सरकतो, आणि बहुतेक वेळा लग्नरासच बदलून सर्व भावांची मांडणी पालटते.

व्यासंगी ज्योतिषास ही अडचण ठाऊक असते व तो तिच्यावर उपायही योजतो. त्या उपायास जन्मवेळेची शुद्धी असे म्हणतात. जातकाच्या आयुष्यातील ठळक घटना, म्हणजे विवाह, अपघात, आईबापांचा वियोग, नोकरीतील बदल इत्यादी, विचारून घ्यावयाच्या आणि ज्या वेळेची कुंडली त्यांच्याशी जुळेल ती खरी जन्मवेळ समजावयाची, अशी ही रीत आहे. तिच्यातील तर्काचा विपर्यास सहज लक्षात येत नाही. कुंडलीवरून आयुष्य सांगावयाचे हा शास्त्राचा दावा. येथे आयुष्यावरून कुंडली ठरविली जाते आणि मग तीच कुंडली त्या आयुष्याचा पुरावा म्हणून पुढे येते. जे ताडून पाहावयाचे तेच आधी गृहीत धरल्यावर फळ चुकण्यास जागाच उरत नाही. मराठी प्रदेशात गेल्या दीडशे वर्षांत फलज्योतिषाविषयी जो वाद झाला त्याचे परीक्षण या एका प्रश्नाच्या अनुरोधाने करणे उपयुक्त ठरेल : भाकीत चुकले असे कशावरून म्हणावयाचे, हे आधी कोणी ठरविले होते काय?

या वादाचा पहिला विद्वन्मान्य अध्याय पंचांगशोधनाचा होय. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. जुन्या ग्रंथांवरून केलेली ग्रहगणिते आकाशाशी जुळत नाहीत, ग्रहणे व युती सांगितल्या वेळी होत नाहीत, हे या पक्षाचे म्हणणे होते आणि ते निर्विवाद खरे होते. पुढे लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात लक्ष घातले; १९०४ मध्ये मुंबईस पंचांगपरिषद भरली आणि नंतरही अशा परिषदा झाल्या. इकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. निरयन गणना मानणाऱ्यांतही दोन तट पडले. एकाने रेवती नक्षत्रातील झीटा या ताऱ्यापासून राशिचक्राचा आरंभ मानला. दुसऱ्याने चित्रा ताऱ्याच्या समोरील बिंदूपासून. या दोन आरंभबिंदूंत जवळजवळ ४ अंशांचा फरक आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या कुटुंबांत काही वर्षी गणेशचतुर्थी इतरांच्या आधी महिनाभर येते ती या ४ अंशांमुळेच.

सणवारांचा घोळ सर्वांस दिसतो. फलादेशावर याच फरकाचा काय परिणाम होतो याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो, वास्तविक तो अवघड नाही. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. ४ अंश हा त्याचा तीन-दशांश भाग. म्हणजे शंभर जन्मांपैकी सुमारे तिसांत, एका पंचांगाप्रमाणे चंद्र ज्या नक्षत्री असेल त्याहून दुसऱ्याप्रमाणे निराळ्या नक्षत्री पडतो. शंभरांतील सुमारे तेरांची जन्मरासही बदलते. विवाहासाठी जे छत्तीस गुण जुळवून पाहतात ते सर्वस्वी वधूवरांच्या चंद्राच्या राशिनक्षत्रांवर अवलंबून असतात. दोघांपैकी एकाचे तरी नक्षत्र पंचांग बदलताच बदलेल, असा संभव निम्म्याहून किंचित अधिकच आहे. विंशोत्तरी महादशांचेही तसेच. शुक्राची महादशा २० वर्षांची मानली आहे. चंद्र शुक्राच्या नक्षत्री असताना आरंभबिंदू ४ अंश सरकला की पुढील सर्व दशांचे आरंभ तब्बल ६ वर्षांनी मागेपुढे होतात. एका पंचांगाप्रमाणे ज्या वयात राजयोग, दुसऱ्याप्रमाणे त्या वयात शनीची दशा, असा प्रसंग त्यामुळे अपवादात्मक राहत नाही.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, हा वाद पिढ्यानपिढ्या चालला, त्यात अव्वल दर्जाचे गणिती, धर्मशास्त्री व पत्रकार उतरले. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीवर नागपूरचे के. ल. दफ्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी अभ्यासक होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. या सर्व खटाटोपात पुरावे म्हणून काय पुढे आले? सूर्यसिद्धान्तादी ग्रंथांतील वचने, ताऱ्यांचे भोग, अयनगतीचे मान, ऋतूंचा मेळ, धर्मकृत्यांची परंपरा. जे एक प्रमाण सर्वांच्या हाताशी होते त्याला वादाच्या मुख्य प्रवाहात स्थान मिळाले नाही. ते म्हणजे फळ. ग्रहांवरून माणसाचे भवितव्य खरोखर कळत असते, तर रेवती की चित्रा याचा निकाल ग्रंथांत शोधण्याचे कारणच नव्हते. दोन्ही पंचांगांवरून पाचशे कुंडल्या मांडाव्या, कोणत्या खऱ्या ठरतात ते पाहावे, आणि आरंभबिंदू निश्चित करावा. चार अंशांत पाव आयुष्याचा क्रम बदलत असताना हा निकाल स्पष्ट लागावयास हवा होता. तो मार्ग या मंडळींना सुचला नाही असे म्हणणे त्यांच्या बुद्धिमत्तेचा अवमान होईल. फलादेश हे प्रमाण म्हणून वापरण्याइतके स्थिर नाही, हे त्यांच्या वागण्यातून व्यक्त होते. लेखणीतून ते तितक्या स्पष्टपणे उतरले नाही एवढेच.

फलज्योतिषाच्या समर्थनार्थ पुढे येणारा दुसरा आधार प्राचीनत्वाचा. त्याविषयी येथे विस्तार नको, कारण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या १८९६ च्या ग्रंथानंतर मराठी वाचकास या बाबतीत अंधारात राहण्याचे कारण उरलेले नाही. वैदिक वाङ्मयात नक्षत्रे आहेत, मेषादी बारा राशी नाहीत. वेदांगज्योतिष हे यज्ञकाल ठरविण्याचे गणित आहे, त्यात जन्मकुंडली नाही. होरा, केंद्र, जामित्र, द्रेष्काण या संज्ञा ग्रीक शब्दांवरून आलेल्या आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत यवनांच्या या शास्त्रातील ज्ञानाचा आदराने उल्लेख केला आहे. त्याला त्यात संकोच वाटला नाही. संकोच अलीकडचा आहे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून वैदिक ज्योतिषाचे विभाग उघडण्याची योजना आखली तेव्हा ‘वैदिक’ हे विशेषण इतिहासदृष्ट्या सर्वात कच्चे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्या योजनेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एखादा विषय शिकवावा की नाही हा शैक्षणिक धोरणाचा प्रश्न आहे, या स्वरूपाचा तो निर्णय होता. त्याचा उपयोग पुष्कळदा शास्त्रीयतेचे प्रमाणपत्र म्हणून केला जातो. विषय जुना असणे, त्याचा अभ्यास होणे व त्याचे म्हणणे खरे असणे या तीन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट, म्हणजे म्हणणे खरे की खोटे ही, महाराष्ट्रात रीतसर तपासली गेली ती २००८ मध्ये, पुण्यात. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी हा प्रयोग आखला. त्याचा वृत्तान्त २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थी व शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे गोळा करून संगणकाने कुंडल्या तयार करण्यात आल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातील हे सांकेतिक क्रमांकांआड दडविले होते. ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले : दोनशेपैकी यदृच्छेने निवडलेल्या चाळीस कुंडल्या घ्याव्या व प्रत्येक कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढेच सांगावे. ५१ जणांनी कुंडल्या मागविल्या, २७ जणांनी उत्तरे पाठविली. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्यास यश मानावयाचे असे आधीच ठरले होते. सर्वोच्च गुण २४ पडले, ते एकालाच, दोघांना २२, उरलेले २० किंवा त्याहून खाली. एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या निकालापेक्षा त्याच्या आखणीत आहे. ‘अठ्ठावीस’ हा आकडा उत्तरे येण्यापूर्वी लिहून ठेवलेला होता. पंचांगवादाच्या दीर्घ इतिहासात असा आकडा कोठेही आढळत नाही. नाणे उडवून उत्तरे देणाऱ्याचे चाळिसात सरासरी वीस बरोबर येतील. अठ्ठावीस वा अधिक येण्याचा संभव हजारात सुमारे आठ. तेव्हा कसोटी न्याय्य होती. उलट निकालाकडे पाहिले तर तो ज्योतिषांना वृत्तपत्रांनी दाखविले त्याहूनही प्रतिकूल आहे. केवळ नाणे उडविणारी सत्तावीस माणसे घेतली असती, तर त्यांपैकी तिघाचौघांना चोवीस किंवा अधिक गुण पडणे अपेक्षित होते. येथे एकालाच पडले. बावीस किंवा अधिक गुण आठनऊ जणांना पडावयाचे, ते तिघांनाच पडले.

तथापि प्रयोगाच्या आखणीत एक उणीव आहे आणि तिचा उल्लेख समर्थकांकडून झाला असता तर चर्चेस बरे वळण लागले असते. ज्योतिषाचा दावा माफक असेल, म्हणजे शंभरात साठ फळे बरोबर येतात एवढाच असेल, तर अशा ज्योतिषास चाळिसात सरासरी चोवीसच गुण मिळतील आणि अठ्ठावीसची मर्यादा तो आठ वेळांत जेमतेम एकदा ओलांडील. एकेका व्यक्तीची परीक्षा म्हणून चाळीस ही संख्या त्यामुळे अपुरी आहे. या आक्षेपाचे उत्तर मात्र प्रयोगातच आहे. सत्तावीस जणांची उत्तरे एकत्र केली म्हणजे संख्या हजारावर जाते, आणि एवढ्या संख्येत शेकडा साठ व शेकडा पन्नास यांतील भेद लपून राहणे शक्य नाही. त्या एकत्रित उत्तरांचे प्रमाण पन्नासाच्याही खाली गेले. दोनशे कुंडल्या तपासणाऱ्या संस्थेस माफक दाव्याप्रमाणे एकशेवीसच्या आसपास यश मिळावयास हवे होते. एकशेदोन हा आकडा त्यापासून पुष्कळ दूर व नुसत्या यदृच्छेच्या अगदी जवळ आहे.

समर्थकांचे प्रत्यक्ष आक्षेप दुसरेच असतात. बुद्धी हा कुंडलीचा विषय नव्हे, हा त्यातला एक. परंतु पंचमभाव विद्येचा, बुध-गुरू बुद्धीचे कारक, हे होराशास्त्राचे प्राथमिक पाठ आहेत. ते सोडून दिले तर प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत कुंडल्या पाहण्याचा व्यवसायही सोडावा लागेल. जन्मवेळा काटेकोर नसतील हा दुसरा. रुग्णालयात नोंदलेली वेळ पाचदहा मिनिटांनी चुकत असेल. पण ज्योतिषाच्या बैठकीत नेहमीचे जातक याहून चांगल्या नोंदी आणतात काय? दिंडोशीच्या त्या कल्पित मुलाची नोंद दीड तासाने संशयास्पद असूनही तिच्यावरून विवाह ठरतात. जी चूक बैठकीत शास्त्राच्या आड येत नाही ती प्रयोगातच आड येते, असे म्हणण्यात काही स्वारस्य नाही. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्योतिषांशी विचारविनिमय करून कसोटी ठरविली होती, तेथेही तीनपैकी एक व्यक्तिवर्णन निवडण्यात यश आले ते एकतृतीयांशच, म्हणजे यदृच्छेने येईल तेवढेच.

एवढा स्पष्ट निकाल लागूनही श्रद्धेचा व्यवहार मुळीच हलला नाही. येथे पुण्याच्या प्रयोगाची खरी मर्यादा दिसते, आणि ती समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे, महात्मा फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ या १८५५ च्या नाटकाकडे जावे लागते. (हे नाटक लिहून झाल्यावर सव्वाशे वर्षांनी, १९७९ मध्ये छापले गेले. मराठी नाटकाचा आरंभ कोठून धरावयाचा याविषयी लिहिणाऱ्या कितीकांना ते पाहावयासच मिळाले नाही.) एका गरोदर कुणबी स्त्रीच्या घरी जोशी येतो, ग्रहांची पीडा सांगतो, पोटातील गर्भाच्या भयाने ती हादरते, आणि त्या भयाच्या बळावर तिच्या गरीब घरातून अनुष्ठान व ब्राह्मणभोजन यांचा खर्च काढला जातो. फुल्यांना जोशाच्या भाकिताच्या खरेखोटेपणात फारसा रस नाही. अयनांश, वेध, यवनांचे ऋण यांतले काही त्या नाटकात नाही. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की हे भाकीत कोण कोणास, कोणत्या क्षणी सांगतो, आणि ते ऐकल्यावर पैसा कोणत्या दिशेने वाहतो.

हा प्रश्न पंचांगशोधकांनी विचारला नाही. त्यांची दृष्टी आकाशाकडे होती. पुण्याच्या प्रयोगानेही तो विचारला नाही. तो आखणीत बसणाराच नव्हता. पण श्रद्धा जेथे टिकून आहे ती जागा हीच. मंगळाचे उदाहरण घ्यावे. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या व बाराव्या स्थानी मंगळ असल्यास पत्रिकेस मंगळ आहे असे महाराष्ट्रात मानतात. बारांपैकी पाच स्थाने. म्हणजे शंभरात सुमारे बेचाळीस व्यक्ती मंगळी ठरतात आणि यदृच्छेने जुळवलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत एक मंगळाचा व दुसरा नसलेला निघतो. हा नियम सरळ पाळला असता तर विवाहसंस्थाच अडचणीत आली असती. म्हणून अपवादांची मोठी यादी तयार झाली : मंगळ स्वराशीचा, उच्चीचा, गुरूने पाहिलेला, सौम्य, वय उलटून गेल्याने निवळलेला. नियम भय निर्माण करतो, अपवाद ते दूर करतात, आणि दोहोंची किल्ली एकाच माणसाच्या हाती राहते. या व्यवस्थेस भाकीत खरे ठरण्याची गरज नाही. तिला दोषाची गरज आहे आणि शांतीची आहे. मुलीकडच्यांना ती अधिक महाग पडते हे वेगळे सांगावयास नको.

फुल्यांची दृष्टी पुरी पडते असे मात्र नव्हे. लुबाडणूक सिद्ध केल्याने शास्त्र खोटे ठरत नाही. निःस्पृह, दक्षिणा न घेणारा ज्योतिषी पुढे आला की फुल्यांचा युक्तिवाद थांबतो, आणि असे ज्योतिषी महाराष्ट्रात, विशेषतः सुशिक्षित मध्यमवर्गात, विपुल आहेत. शिक्षक, बँकेतील कारकून, निवृत्त अभियंते हौसेने कुंडल्या पाहतात व पैसा घेत नाहीत. त्यांच्यासाठी नारळीकर-कुंट्यांचा आकडाच हवा. महाराष्ट्रातील टीकेचे दुर्दैव असे की या दोन परंपरा क्वचितच एकमेकींस भेटल्या. सत्यशोधकी परंपरेने जोशाच्या हक्कावर प्रहार केला. न बोलावलेल्या वतनदार जोशाचा दक्षिणेवरील हक्क मुंबई प्रांतात १९२६ च्या कायद्याने नाहीसा झाला तो त्या चळवळीचा विजय होता. विज्ञानवाद्यांनी ग्रहांचे गुरुत्वाकर्षण किती क्षीण असते याची गणिते मांडली, जी ऐकून कोणाचेही लग्न मोडले नाही की जुळले नाही. दाभोलकर पुण्याच्या प्रयोगात होते यास त्यामुळे निराळा अर्थ आहे. अंधश्रद्धेकडे शोषण म्हणून पाहणारा कार्यकर्ता येथे संख्याशास्त्रज्ञाच्या शेजारी बसला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत फलज्योतिष नाही.

प्रयोगाच्या वृत्तान्तात एक गोष्ट टीकाकारांच्या व समर्थकांच्याही नजरेतून निसटली आहे. ज्या शंभर मुलांना ‘मतिमंद गट’ म्हणून मोजले त्यांच्या जन्मवेळा आकाशातून आल्या नव्हत्या. त्या आईबापांनी जपून ठेवल्या होत्या. मिनिटापर्यंत टिपलेली वेळ महाराष्ट्रात बहुधा पत्रिकेसाठीच टिपली जाते. त्या घरांपैकी कित्येकांत मूल पाळण्यात असताना ज्योतिषी येऊन गेला असेल, त्याने विद्येचा योग सांगितला असेल किंवा काही सांगण्याचे टाळले असेल; आणि दोष ध्यानात आल्यावर हीच घरे पुन्हा त्याच्याकडे, किंवा दुसऱ्याकडे, गेली असतील. पहिल्या भाकिताचे पुढे काय झाले, दुसऱ्या वेळी कोणती शांती सांगितली व तिला किती खर्च आला, हे विचारण्याची सोय प्रयोगाच्या आखणीत नव्हती. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस प्रश्न टपालाने गेले. फुल्यांच्या नाटकातील ती कुणबी स्त्री आणि तिचा नवरा शेवटी जोशाशी वाद घालीत बसत नाहीत. ते रात्रीच्या शाळेत नाव घालावयास जातात.